डोंगरावरच्या भुंगेऱ्याची बातमी पूर्ण द्यावी

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

डोंगराळ जंगलात राहणाऱ्या 'रोव्ह बीटल' गटातील भुंगेऱ्याची एक नवी प्रजाती शास्त्रज्ञांनी नोंदवल्याचे वृत्त अलीकडेच आपल्या दैनिकात वाचले. आतल्या पानावर, अगदी तळाला, चार-पाच वाक्यांत आणि एका अस्पष्ट छायाचित्रासह का होईना, मुंगीएवढ्या किड्याला आपण जागा दिलीत याबद्दल प्रथम आभार मानतो. आमच्या कोकणात बिबट्या विहिरीत पडल्याशिवाय वन्यजीवांची बातमी सहसा होत नाही, त्या मानाने हे औदार्यच म्हटले पाहिजे. परंतु त्या वृत्तात भुंगेऱ्याला कोणाच्या सन्मानार्थ नाव दिले हे होते, 'जगात प्रथमच' हे शब्द दोनदा होते, आणि तो नेमक्या कोणत्या डोंगरावर, किती उंचीवर, कशाच्या खाली राहतो, त्याच्या जवळच्या भाईबंदांपासून तो कशामुळे वेगळा ठरला आणि ज्या नमुन्यावरून ही प्रजाती उभी राहिली तो नमुना आज कोठे ठेवला आहे, यांपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख नव्हता. अनेक वर्षे प्राणिशास्त्र शिकवलेल्या माणसाला ही उणीव खटकणे स्वाभाविक आहे; पण डोंगरावरच्या या विशिष्ट भुंगेऱ्यांच्या बाबतीत जे गाळले गेले तीच खरी बातमी होती, असे मला वाटते, आणि तेवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

कोकणातल्या वाचकाला भुंगेरे नवे नाहीत. माडाच्या शेंड्यात शिरणारा गेंड्या भुंगा, खोड पोखरणारा सोंड्या भुंगा, पहिल्या पावसानंतर झाडांवर घोंगावणारे हुमणीचे भुंगेरे हे बागायतदाराच्या रोजच्या काळजीचे विषय आहेत. या सर्वांची पुढच्या पंखांची जोडी कठीण कवचासारखी झालेली असते आणि ती पाठ बहुतेक झाकून टाकते. रोव्ह बीटलचे तसे नसते. त्याची पंखकवचे आखूड बंडीसारखी कमरेच्या वरच संपतात आणि उदराचे पाच-सहा खंड उघडेच राहतात. त्यामुळे त्याचे शरीर लवचीक राहते, पानांच्या थरांतून, दगडाखालच्या फटीतून, सालीच्या आतून त्याला सहज सरकता येते. डिवचले की तो उदराचे टोक वर उचलतो आणि पाहणाऱ्याला नांगी असल्याचा भास होतो. नांगी मात्र नसते. त्या तोकड्या कवचांखाली उडण्याचे लांब, पातळ पंख घडी करून ठेवलेले असतात, आणि डाव्या व उजव्या पंखाची घडी एकसारखी नसते, हे जपानी संशोधकांनी २०१४ साली वेगवान कॅमेऱ्याने चित्रण करून दाखवून दिले. एवढ्या छोट्या जागेत एवढा मोठा पंख बसवण्याची ही रीत अभियंत्यांनाही अभ्यासावीशी वाटली.

स्टॅफिलिनिडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कुळात आजवर ६० हजारांहून अधिक प्रजातींची नोंद झालेली आहे. जगातील सगळे पक्षी आणि सगळे सस्तन प्राणी एकत्र मोजले तरी संख्या वीस हजारांपर्यंत जात नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या कुळाचा पसारा कळतो. यात काय नाही? वारुळात वाळवीच्या संगतीने राहणारे आहेत, मुंग्यांच्या घरात त्यांच्यातलेच एक होऊन वावरणारे आहेत, शेणात माश्यांच्या अळ्या शोधणारे आहेत. स्टेनस नावाच्या वंशातील मोठ्या डोळ्यांचे भुंगेरे ओढ्याकाठी राहतात, खालचा ओठ क्षणार्धात पुढे फेकून त्याच्या चिकट टोकाने भक्ष्य पकडतात आणि पाण्यात पडलेच तर उदराच्या टोकातून एक द्रव सोडून पाण्याच्या पृष्ठभागावरून सरकत काठ गाठतात. एवढ्या मोठ्या आणि एवढ्या विविध कुळात नवी प्रजाती मिळणे ही गोष्ट दुर्मीळ नाही. म्हणूनच 'जगात प्रथमच' या दोन शब्दांवर सगळा भर देणे मला अपुरे वाटते. नवी प्रजाती ही नेहमी जगात प्रथमच असते. ती कोठली आहे आणि तेथेच का आहे, हे सांगण्यासारखे असते.

हा मुद्दा आमच्याच परिसरातल्या एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पावसाळ्यात, विशेषतः भाताची खाचरे भरल्यावर, रात्री पडवीतल्या दिव्यावर एक सडपातळ किडा येतो. डोके काळे, मान व उदर नारिंगी, उदराचे टोक पुन्हा काळे आणि आखूड कवचे निळसर चमकदार. हा पेडेरस, रोव्ह बीटलचाच एक वंश. तो चावत नाही आणि दंशही करत नाही, पण मानेवर बसला असता हाताने चिरडला गेला तर त्याच्या शरीरातील पेडेरिन हे विष कातडीवर पसरते, दिवस-दीड दिवसाने तेथे लाल पट्टा उमटतो, आग होते, फोड येतात, आणि पुष्कळदा ही नागीण आहे असे समजून भलतेच उपचार सुरू होतात. हे विष तो किडा स्वतः बनवत नसून त्याच्या मादीच्या शरीरात राहणारे जिवाणू बनवतात, असे २००२ साली जनुकीय अभ्यासातून पुढे आले. तो अंगावर बसलाच तर चिरडू नये, फुंकर मारून किंवा कागदावर घेऊन दूर करावा आणि जागा साबणाने धुवावी, एवढी खबरदारी पुरते. हाच पेडेरस शेतात तपकिरी तुडतुड्यांची पिल्ले खातो, म्हणजे दिव्याखाली ज्याला आपण शिव्या देतो तोच बांधापलीकडे आपले भात राखत असतो.

भातशेतीत आढळणाऱ्या पेडेरस फ्युसिपेस या प्रजातीचा वावर ब्रिटनपासून मध्य आशियामार्गे जपानपर्यंत आणि खाली ऑस्ट्रेलियापर्यंत आहे. त्याला पंख आहेत, तो दिव्याकडे उडत येतो, एका खाचरातले पाणी आटले तर दुसरे शोधतो. आता याच पेडेरसचे डोंगरातले भाईबंद पाहावेत. आल्प्समध्ये आणि आशियातील अनेक पर्वतरांगांत या वंशाच्या अशा प्रजाती आहेत की ज्यांचे उडण्याचे पंख खुरटून गेले आहेत किंवा पूर्ण नाहीसे झाले आहेत. त्या दिव्यावर येत नाहीत, दरी ओलांडत नाहीत, आणि कित्येकींचे सारे जग एखाद्या पर्वतापुरते किंवा त्याच्या एखाद्या उतारापुरते असते. लॅथ्रोबियम, लेप्टुसा अशा इतर वंशांतही हेच घडलेले आहे. हिमालय, चीन, तैवान, जपान येथील डोंगरांवरून लॅथ्रोबियमच्या अशा पंखहीन प्रजाती मोठ्या संख्येने नोंदवल्या गेल्या असून शेजारशेजारच्या दोन शिखरांवर दोन निराळ्या प्रजाती असणे हे या वंशात नवलाचे मानले जात नाही.

पंख जाण्याचे कारण काय असावे? उडण्याचे स्नायू बाळगणे हे कोणत्याही कीटकाला महाग पडते. ज्याचे घर वर्षानुवर्षे तसेच ओलसर, गार आणि भक्ष्याने भरलेले राहते त्याला दुसरे घर शोधण्याची गरज पडत नाही. उलट डोंगरमाथ्यावरच्या वाऱ्यात उडणारा भरकटून नको तेथे जाऊन पडण्याचा संभव अधिक. तेव्हा पंखांवर जाणारी शक्ती अंड्यांकडे वळवणारी मादी अधिक पिल्ले मागे ठेवते आणि पिढ्यान्‌पिढ्या पंख आखडत जातात. शरीरावरही याच्या खुणा उमटतात. पंख गेले की त्यांच्यावरची कवचे आणखी आखूड होतात आणि खांद्यापाशी अरुंद होतात. उदराच्या सातव्या खंडाच्या मागच्या कडेला उडणाऱ्या प्रजातींत जी बारीक पांढरी झालर असते ती पंखहीन प्रजातींत बहुधा राहत नाही. पालापाचोळ्याच्या अंधारात राहणाऱ्यांचे डोळेही पुष्कळदा लहान होत जातात. जाणकार माणूस मृत नमुना भिंगाखाली धरून, तो कोठून आणला हे विचारण्याआधीच, हा उडणारा नव्हता एवढे खात्रीने सांगू शकतो.

म्हणूनच अशा प्रजातीच्या वृत्तातून ठिकाण गाळणे फार मोठी गोष्ट आहे. पेडेरस फ्युसिपेसची बातमी देताना गावाचे नाव राहिले तर फारसे बिघडत नाही. जो किडा एकाच डोंगरावर आहे त्याच्या वृत्तातून तो डोंगर काढला तर उरते ते फक्त नाव आणि छायाचित्र.

आमच्या जिल्ह्यांचा पूर्वेकडचा उभा कडा नजरेसमोर आणावा. संगमेश्वर तालुक्यात शृंगारपूरहून प्रचितगडाकडे चढणाऱ्याला भातखाचरे, काजूच्या बागा, पानगळीचे रान आणि कातळ ओलांडल्यावर माथ्यालगत अंजनी, जांभूळ आणि पिसा यांचे दाट, सदाहरित जंगल लागते. खालचे रान फाल्गुनात करकरीत वाळते, तर त्या माथ्यावरच्या सावलीत पानांचा खालचा थर उन्हाळ्यातही ओलावा धरून असतो. असे जंगल माथ्यावर सलग नाही. मध्येच उघडा सडा, म्हणजे कातळाचे पठार, येतो, मध्येच घाटरस्ता येतो, मध्येच गवताळ उतार येतो. तीन-चार मिलिमीटर लांबीच्या, पंख नसलेल्या आणि ओल सुटली की मरणाऱ्या प्राण्याला उन्हात तापलेला सडा ओलांडून पलीकडच्या रानात जाणे शक्य नसते. हिमालयात हवा तापू लागली तर एखादी प्रजाती उतारावरून थोडी वर सरकू शकेल. आमच्या या भागात माथा समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आसपास संपतो आणि त्याच्या वर आकाशच आहे.

याचे पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांतले उदाहरण आपल्या वाचकांना ठाऊक असेल. आंबोलीच्या पठारावरचा झँथोफ्रायनी टायग्रिना हा टोड २००९ साली नवी प्रजाती म्हणून नोंदवला गेला आणि त्याचा वावर आंबोलीपुरता असल्याचे दिसून आले. त्याच वंशातला दुसरा टोड कोयनेचा आहे. हिरण्यकेशीच्या उगमाजवळ आढळलेला मासा २०२० साली शिस्टुरा हिरण्यकेशी या नावाने प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी राज्य शासनाने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केली. हे घडू शकले, कारण वृत्तात जागेचे नाव होते आणि गावकऱ्यांना ती जागा आपली वाटत होती. भुंगेऱ्याच्या वाट्याला एवढे भाग्य येईल अशी माझी अपेक्षा नाही. जागेचे नाव तरी यावे.

दुसरी गाळलेली गोष्ट म्हणजे ही प्रजाती वेगळी ठरली कशी. 'सापडली' या क्रियापदामुळे वाचकांचा असा समज होतो की कोणी डोंगरावर गेला, दगड उचलला आणि नवी प्रजाती हाती आली. प्रत्यक्षात डोंगरावर फक्त पाचोळा गोळा होतो. संशोधक तो जाड जाळीच्या चाळणीतून चाळतात, खाली पडलेला चुरा कापडी पिशवीत भरून तळावर आणतात आणि तो टांगलेल्या जाळीच्या पिशव्यांत किंवा दिव्याखालच्या नरसाळ्यात ठेवतात. चुरा वरून वाळू लागला की ओलाव्याच्या शोधात खाली जाणारे किडे अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. त्यात माइट, कोळी, मुंग्या, गोमीची पिल्ले आणि भुंगेरे असे सगळेच असते. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वेगळा काढायचा, मऊ करायचा, जाड कागदाच्या तुकड्यावर डिंकाने चिकटवायचा आणि त्याखाली ठिकाण, उंची, तारीख व गोळा करणाऱ्याचे नाव असलेली चिठ्ठी टाचायची.

खरे काम त्यानंतर सुरू होते. या कुळातील कित्येक प्रजाती बाहेरून इतक्या सारख्या दिसतात की रंग आणि आकार यांवरून काहीही ठरत नाही. म्हणून नराच्या उदराचे टोक उघडून त्याचे जननांग बाहेर काढावे लागते, रसायनाने ते पारदर्शक करावे लागते आणि त्याचा आकार, वाक, टोकावरचे काटे व आतील पिशवीची रचना रेखाटावी लागते. प्रजातीप्रजातींत या अवयवाची घडण बहुधा वेगळी असते, आणि त्यामुळेच अनेक वंशांत केवळ मादीच्या आधारे नाव देण्याचे धाडस कोणी शहाणा माणूस करत नाही. याखेरीज डोक्याची लांबी-रुंदी, डोळ्यामागच्या भागाशी डोळ्याचे प्रमाण, मानेच्या ढालीशी कवचांचे प्रमाण, पृष्ठभागावरचे खड्डे व त्यांमधली सूक्ष्म नक्षी यांची मोजमापे घ्यावी लागतात. मग त्या वंशात आजवर नोंदवलेल्या जवळच्या सर्व प्रजातींचे मूळ नमुने, निदान त्यांची वर्णने आणि आकृत्या, समोर ठेवून तुलना करावी लागते. एवढे सगळे झाल्यावर 'ही वेगळी आहे' हे वाक्य लिहिता येते. भ्रमणध्वनीवर काढलेल्या छायाचित्रावरून समाजमाध्यमांत 'नवी प्रजाती' जाहीर करणाऱ्या उत्साही मित्रांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

या कामाला वेळ लागतो. जगभरातील विविध जीवांच्या नोंदींवर आधारित आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की नमुना गोळा झाल्यापासून त्याचे नवी प्रजाती म्हणून वर्णन प्रसिद्ध होईपर्यंत सरासरी २१ वर्षे जातात. म्हणजे आज बातमीत आलेला भुंगेरा कदाचित एखाद्या संग्रहालयाच्या पेटीत दोन दशके पडून असेल, आणि ज्या उतारावरून तो आणला त्या उताराची आजची स्थिती काय आहे हा प्रश्न वार्ताहराने आवर्जून विचारायला हवा.

तिसरी गाळलेली गोष्ट नमुन्याच्या मुक्कामाची. प्रत्येक प्रजातीचे नाव एका विशिष्ट, प्रत्यक्ष नमुन्याला बांधलेले असते. त्याला होलोटाइप म्हणतात आणि प्रथेप्रमाणे त्याच्या टाचणीला लाल चिठ्ठी असते. पुढे कोणाला शंका आली तर निवाडा त्या एका नमुन्यावर होतो. प्राण्यांच्या नामकरणाची जी आंतरराष्ट्रीय संहिता आहे तिच्या चौथ्या आवृत्तीनुसार, म्हणजे २००० सालापासून, नव्या प्रजातीच्या वर्णनात हा नमुना निश्चित करणे आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला जाणार हे लिहिणे बंधनकारक आहे. प्रजाती कोणत्या लक्षणांनी वेगळी आहे हे शब्दांत सांगण्याचे बंधन तर १९३० नंतरच्या सर्वच नावांना लागू आहे. ठिकाणाचा तपशीलही कोणताही जबाबदार लेखक देतोच. थोडक्यात, मी ज्या गोष्टी मागत आहे त्या मूळ शोधनिबंधात छापलेल्याच असतात. त्यासाठी वार्ताहराला डोंगर चढावा लागत नाही.

नमुन्याचा मुक्काम महत्त्वाचा का, याला इतिहास आहे. ब्रिटिश नौदलात शल्यचिकित्सक असलेले माल्कम कॅमेरॉन यांनी १९३० ते १९३९ या काळात 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेत रोव्ह बीटलवरील खंड लिहिले. काही वर्षे ते डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतही होते. भारतातील या कुळावर काम करू पाहणाऱ्याला आजही सुरुवात त्याच खंडांपासून करावी लागते, आणि त्यांचा मूळ संग्रह लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहे. म्हणजे रत्नागिरी किंवा सावंतवाडीच्या विद्यार्थ्याने घरामागच्या डोंगरावरचा भुंगेरा पकडला तर तो जुनाच आहे की नवा, हे ठरवण्यासाठी त्याला लंडनच्या पेट्यांवर अवलंबून राहावे लागते. कॅमेरॉन यांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे; एका माणसाने एवढे काम केले हे आजही थक्क करणारे आहे. पण पुढच्या शंभर वर्षांत तरी हे चित्र बदलावे म्हणून आपल्याकडे कायदा झाला. जैविक विविधता अधिनियम, २००२ मधील कलम ३९ नुसार भारतात कोणालाही नवी प्रजाती आढळल्यास त्याने ती नियुक्त संग्रहसंस्थांना कळवणे आणि तिचा नमुना तेथे जमा करणे आवश्यक आहे. १९१६ साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे, मुंबईत १८८३ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा संग्रह आहे. तेव्हा आमच्या डोंगरातल्या प्रजातीचा नमुना कोठे आहे, हा प्रश्न विचारण्याचा वाचकाला अधिकार आहे आणि त्याचे उत्तर एका वाक्यात मावते.

हे वाचून 'या किड्याचा उपयोग काय' असे कोणी विचारणारच. शेतातल्या पेडेरसचा उपयोग मी वर सांगितला आहे. डोंगरमाथ्यावरच्या पंखहीन प्रजाती पाचोळ्यातले स्प्रिंगटेल, माइट, अळ्या खातात आणि पाचोळ्याची माती होण्याच्या व्यवहारात त्यांचा वाटा असतो, एवढे सांगता येईल. त्यापुढे जाऊन हा भुंगेरा नाहीसा झाला तर कोकणातले झरे आटतील असे काही मी म्हणणार नाही, कारण ते खरे असल्याचा पुरावा माझ्याजवळ नाही आणि प्रत्येक प्राण्याला नोकरीला लावल्याशिवाय त्याला जगू द्यायचे नाही ही वृत्तीच मला पटत नाही. जेथे लाखो वर्षांत एक प्राणी घडला आणि त्या जागेशिवाय दुसरीकडे कोठेही तो नाही, तेथे त्या गावाने एवढे जाणून असणे मला पुरेसे कारण वाटते.

गावाने काय करावे, याबद्दल मात्र बोलण्यासारखे आहे. याच अधिनियमानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. बहुतेक नोंदवह्यांत औषधी वनस्पती, पक्षी, मासे यांची नावे असतात. भुंगेऱ्याचे नाव मी एकाही नोंदवहीत पाहिलेले नाही. आपल्या दैनिकाने वृत्तात डोंगराचे आणि पायथ्याच्या गावाचे नाव छापले तर त्या गावच्या समितीला कात्रण चिकटवून का होईना, ती नोंद करता येईल. पुढे त्या उतारावर रस्ता रुंद करण्याचा, खाण काढण्याचा किंवा पवनचक्क्या उभारण्याचा प्रस्ताव आला आणि हरकती मागवल्या गेल्या, की हातात दाखवायला कागद असतो.

दुसरे म्हणजे वणवा. माघ-फाल्गुनात सड्यावरचे गवत पेटवले जाते, ते वाऱ्याबरोबर उतारावर चढते आणि सदाहरित रानाची कड दरवर्षी थोडी जळत मागे सरकते. मोठी झाडे कित्येकदा वाचतात, म्हणून नुकसान झाल्याचे कोणाला वाटत नाही. जळतो तो पाचोळा, आणि या भुंगेऱ्यांचे सगळे आयुष्य त्या पाचोळ्यातच असते. देवरहाटीतला, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानातला, पातेरा (वाळका पाला) राबासाठी, म्हणजे भाताची रोपे करण्याची जमीन भाजण्यासाठी, किंवा कलमांच्या बुंध्याशी टाकण्यासाठी झाडून नेण्याबद्दलही असेच म्हणता येईल. राब भाजणे आमच्या शेतीत पूर्वापार आहे आणि त्याच्यावर टीका करण्याचा माझा हेतू नाही; आपापल्या बागेतला पातेरा न्यावा, देवरहाटीतला तेवढा राहू द्यावा, इतकेच सुचवायचे आहे.

तिसरी सूचना कोकणातील महाविद्यालयांना आहे. प्राणिशास्त्र विभागांतून कपाटभर जुने साप आणि मासे बरण्यांत असतात, पण आपल्या तालुक्यातील पाचोळ्यातल्या कीटकांचा संग्रह असलेला विभाग मला क्वचितच दिसला. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात वनविभागाच्या परवानगीशिवाय एकही किडा उचलता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण महाविद्यालयाच्या आवारातला, स्वतःच्या आंब्या-काजूच्या बागेतला पाचोळा चाळायला कोणाची मनाई नाही. त्यात मिळतील ते बहुधा सर्वत्र आढळणारे, उडणारे रोव्ह बीटल असतील. हरकत नाही. सखल भागात काय आहे हे नीट माहीत असल्याशिवाय माथ्यावर काय वेगळे आहे हे कळत नाही, आणि एखादा वर्गीकरणतज्ज्ञ पुढे या भागात आला तर त्याला असा चिठ्ठ्या लावलेला संग्रह सोन्याहून मोलाचा वाटेल. खर्च फार नाही: एक चाळण, एक नरसाळे, एक दिवा, अल्कोहोल आणि झाकणाच्या छोट्या बाटल्या. प्रत्येक बाटलीत ठिकाण, उंची आणि तारखेची चिठ्ठी आतच टाकावी आणि ती पेन्सिलीने लिहावी, कारण शाईच्या बहुतेक पेनांची अक्षरे अल्कोहोलमध्ये विरघळून जातात.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी